माणसाच्या नावाचं मीठ

आमच्या घरात निवडणूक आली की आधी साखर संपते, मग दूध आणि मग माझा जीव. आमचे हे, सुधाकरराव, पिंपळझिऱ्याच्या हायस्कूलमध्ये जन्मभर नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. शाळा सुटली, पण खोड काही सुटली नाही. ओसरीवर शिकवणीचा जुना फळा अजून टांगलेला आहे. कोणी काही विचारायचा अवकाश, हे खडू घेऊन उभेच. चहा मात्र फळ्यातून येत नाही, तो मला करावा लागतो.

या खेपेला विचारायला आली अंबूबाई. आमच्या कॉलनीसमोर नाला आहे आणि नाल्यापलीकडे वस्ती. वस्ती ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गुरचरणाच्या जागेवर, बसलेली. लोक तिथं जन्मतात, मरतात, लेकरांची लग्नं करतात, विजेचं बिलसुद्धा भरतात. पण जागा त्यांच्या नावावर नाही, म्हणून घरकुल मिळत नाही, आणि घरकुल नाही म्हणून भिंत अर्धी मातीची, अर्धी पत्र्याची. अंबूबाईचं घर अगदी नाल्याच्या काठावर. घरामागच्या चिंचोळ्या पट्टीत ती मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, भरताची वांगी लावते आणि सकाळी टोपली घेऊन पहिली माझ्या दारात येते. नवरा कधीच गेला, लेक योगिनी जळगाव जामोदला नांदते. त्या पट्टीवर हिचं पोट चालतं.

“सर, तीन पार्ट्यायचे लोकं येऊन राह्यले,” टोपली पायरीवर ठेवत ती म्हणाली. “तिघंबी घर देतो म्हंते. तिघायचंबी आयकाले गोड लागते. मले एकच सांगा, माया घरामांगची पट्टी कोन ठेवते?”

एवढंच विचारलं होतं तिनं. याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण आमच्याकडे एका वाक्यात काही होत नाही.

नगरपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. हे रोज संध्याकाळी स्वेटर चढवून कुणाच्या ना कुणाच्या सभेला जायचे. सभा संपली की पुढाऱ्याला गाठून विचारायचे, घर देणार म्हणजे कुठं देणार, कुणाच्या नावानं देणार, जागेचं काय? पुढारी म्हणायचा, सर, नंतर बसू. हे म्हणायचे, आत्ताच बसू. गावातले अर्धे पुढारी यांचेच विद्यार्थी, त्यामुळे बिचाऱ्यांना पळताही येईना. मी म्हटलं, “अहो, सगळ्या पक्षांचं एकच असतं, मत द्या आणि विसरा.” तर म्हणाले, “एकच नसतं. नीट विचारलं तर फरक सापडतो.” आणि खोटं कशाला बोलू, फरक सापडला.

फळ्यावर तीन रकाने पडले. पक्षांची नावं इथं कोणी घेत नाही, सगळे चिन्हानं ओळखतात. छत्रीवाल्यांचं म्हणणं, ज्याचं घर जिथं आहे तिथंच पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, द्यायचा, तोही घरातल्या बाईच्या नावानं, आणि त्यावर घरकुल. कपबशीवाल्यांचं म्हणणं, मार्केट यार्डाच्या मागं चार मजली इमारत बांधायची, सगळ्यांना त्यात दोन-दोन खोल्या, आणि वस्तीच्या मोकळ्या झालेल्या जागेवर बगीचा. शिलाई मशीनवाले म्हणायचे, जागा घ्यायला अनुदान देऊ, जागा ज्याची त्यानं शोधावी. कापड तुमचं, दोरा तुमचा, आणि मशीनवर फोटो आमचा.

त्या बगीच्याचं मात्र माझ्या डोक्यात बसलं. पुण्याहून आमच्या शंतनूचा फोन आला. “आई, बगीच्यासमोरचं घर म्हणजे काय, कळतंय का तुला? आपल्या घराला सोन्याचा भाव येईल.” कळत होतं. संध्याकाळी बाकावर बसावं, नाल्याचा वास नसावा, डास नसावेत, एवढी हौस मलाही आहे. सबंध जन्म त्या वासात काढला मी. यांना सांगितलं तर हे फळा पुसता पुसता म्हणाले, “या फळ्यावर आपलं घर नाही, प्रेमला.” असं बोलणारा नवरा मिळाला की बाईनं निमूट भाजी निवडायला घ्यावी.

एका संध्याकाळी सगळी वस्ती आमच्या ओसरीवर जमली. वस्तीतले जुने जाणते इंद्रभान पुढं बसले, त्यांच्या मागं नावानंच कारभारी असलेला कारभारी, त्याची बायको जनकाबाई, सगळे. हे बोलायला लागले. पट्टा म्हणजे काय, अनुदान म्हणजे काय, इमारतीत देखभालीचा खर्च कोण करणार. इंद्रभानांचा डोळा लागला, जनकाबाईनं दोनदा जांभई दिली. शेवटी अंबूबाईच म्हणाली, “सर, माया पट्टीचं सांगा.”

“छत्री,” हे म्हणाले.

“छत्री म्हंजे आपला गुलाबराव ना?”

“आत्ता तरी तोच दिसतो. पण ऐका, निधीचं असं आहे की...”

निधीचं कसं आहे ते ऐकायला कोणी थांबलं नाही. गुलाबराव म्हटल्यावर सगळे निश्चिंत झाले. गुलाबराव इतकी वर्षं छत्रीचाच माणूस. मागं एकदा वस्ती उठवायला मशीन, म्हणजे जेसीबी, आलं होतं, तेव्हा हा त्यांच्यात येऊन उभा राहिला होता. उरलेल्या कपबशा मी आत नेल्या आणि म्हटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीच्या जुड्या काढता काढता अंबूबाईनं सांगितलं, “काल राती मीठ टाकलं आमी.”

आमच्या भागात हे चालतं. मधे पाण्याचा लोटा ठेवायचा आणि घरटी एकानं त्यात चिमूटभर मीठ टाकायचं. टाकताना म्हणायचं, जो फिरेल तो या मिठासारखा विरघळेल. मग ते पाणी मारुतीच्या पारावर ओतायचं. त्यानंतर कोणी साडी देवो, कोंबडं देवो, की हातापाया पडो, माणूस हलत नाही. मागच्या वेळी वस्तीची मतं तीन तुकड्यांत फाटली आणि निवडून आलेल्यानं पाच वर्षं तिकडे ढुंकून पाहिलं नाही. म्हणून या वेळी घाईनं मीठ टाकलं होतं, उमेदवारीचे अर्ज भरायच्याही आधी.

हे दाढी करता करता बाहेर आले. अर्ध्या गालाला साबण. “पक्षाच्या नावानं टाकलं ना?”

“छत्रीच्या नावानं मीठ कोन टाकते सर? छत्री काय बोलते, का आयकते? मीठ मानसाच्या नावानं टाकतात. गुलाबरावच्या नावानं टाकलं.”

हे परत आत गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. मी ओरडले, तेव्हा बंद केला.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी छत्रीनं गुलाबरावाचं तिकीट कापलं आणि बालवाडी चालवणाऱ्या अनुपमाला दिलं. दुपारी गुलाबराव कपबशीचा दुपट्टा गळ्यात घालून अर्ज भरून आला. संध्याकाळी चौकात त्याची सभा झाली. चार मजली इमारतीत पाणी कसं वरपर्यंत चढेल, बगीच्यात लेकरं कशी झोके घेतील, हे तो इतकं छान बोलला की आठवड्यापूर्वी हाच माणूस पट्ट्यासाठी घसा फोडत होता यावर विश्वास बसू नये. मला आश्चर्य वाटलं नाही. या वयात आश्चर्य वाटायला जरा ताकद लागते.

हे मात्र उत्साहानंच होते. अंबूबाईला बोलावून म्हणाले, “काही बिघडलं नाही. पक्ष तेच, त्यांचं म्हणणं तेच. फक्त माणूस या रकान्यातून त्या रकान्यात गेला. तुम्ही अनुपमाला मत द्या.”

“नाई जमत सर.”

“का?”

“मीठ पडलं ना.”

माझा संयम सुटला. “अगं बाई, तो तुझंच घर पाडायला निघालाय! मेथी कुठं लावशील, चौथ्या मजल्यावर?”

“मले काय समजत नाई काय, मास्तरीनबाई?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “राती झोप नाई लागून राह्यली मले. पन तुमी आयका. मांगं मशीन आलं होतं ना, तवाबी मीठ टाकलं होतं आमी. कोनीच उठाचं नाई म्हनून. या कारभारीले तवा बाजूले नेऊन सांगतलं होतं उठवाले आलेल्या साहेबाईनं, तू एकटा ऊठ, तुले गावात जागा देतो. बायको दवाखान्यात होती त्याची. नाई उठला. मिठाले भेला, म्हनून नाई उठला. म्हनून आमी हाओ तिथं. आमच्यापाशी कागद नाई, पट्टा नाई, काईच नाई. एवढं मीठ हाय. ते आज मी माया पट्टीसाठी मोडलं तं उद्या कारभारी त्याच्यासाठी मोडन. मंग मशीनीपुढं मी एकटीच बसू काय?”

यांच्या हातात खडू होता. तो त्यांनी खिडकीत ठेवून दिला.

“काही वाट नसते का यातून?” यांनी विचारलं.

“हाय एक. ज्याच्या नावानं टाकलं त्यानंच आपल्या तोंडानं सोडलं तं सुटते.”

म्हणून आम्ही तिघं गुलाबरावाकडे गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं, पण घरी राहून पुन्हा चहाच केला असता. त्याचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे. प्रचारासाठी नळ्या मागं सारून पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. झेंड्यांचा ढीग कोपऱ्यात पडला होता. वरचे कपबशीचे, आणि खालून छत्रीचं एक टोक बाहेर आलेलं. गुलाबराव उठून यांच्या पाया पडला. पोरगा वाईट नाही. तोच तर त्रास आहे.

“सर, तुमीच सांगा, मी काय करू?” तो म्हणाला. “इतके वर्ष सतरंज्या उचलल्या त्यायच्या. तिकीट कापताना मले फोनबी नाई केला. मोबाइलवर अनुपमाचा फोटो पाहून समजलं मले.”

“गुलाब, तुझं स्वतःचं मत काय? पट्टा की इमारत?”

तो हसला. “माया मताले कोन विचारते सर? वरून जे येते ते बोलतो.”

अंबूबाई खुर्चीवर बसली नव्हती. उभ्यानंच म्हणाली, “गुलाबराव, आमाले मोकळं कर बापा. एवढं तोंडानं म्हन, आमी सुटलो.”

त्याला मीठ म्हणजे काय ते ठाऊक होतं, त्याचा आजा त्याच वस्तीत राहिलेला. क्षणभर मला वाटलं, म्हणेल. त्याची नजर खाली गेली होती. पण भोवती त्याची पोरं उभी होती, आणि वस्तीची मतं गेली की तो पडणार, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“मावशी, मी कुठं सांगतलं होतं मीठ टाकाले?” तो शेवटी म्हणाला. “मी तं तिथं नवतोबी. जे मी बांधलं नाई ते मी कसं सोडू? च्या घ्या तुमी.”

“च्या नको,” अंबूबाई म्हणाली.

निघताना तो यांना सोडायला रस्त्यापर्यंत आला. “सर, तुमी कायले चिंता करता? बगीचा तं तुमच्याच घरासमोर होनार हाय.”

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. अंबूबाई आमच्या पुढं चालत होती, आणि मला तिच्याकडे मान वर करून पाहवत नव्हतं, कारण बगीच्याचं बोललं गेलं तेव्हा माझ्या मनात एक क्षण बाक येऊन गेला होता.

मतदानाच्या दिवशी थंडी होती. शाळेच्याच खोलीत मतदान, यांच्या जुन्या वर्गात. मशीनपुढं उभी राहिले तेव्हा शंतनू आठवला, बाक आठवला, नाल्याचा वास तर खिडकीतून येतच होता. मी छत्रीचं बटण दाबलं. कुणावर उपकार म्हणून नाही. माझ्या ताटात रोज जी मेथी येते ती कुठून येते, हे मला ठाऊक आहे म्हणून. बाहेर आले तर अंबूबाई पायरीवर बसून चप्पल चढवत होती, बोटाला शाई. मी विचारलं नाही.

“देलं,” तीच म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता चालू लागली.

तिच्या घरासाठी मी मत दिलं, आणि तिनं तिच्या घराविरुद्ध. मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. घरी येऊन मी स्वयंपाकघरात रडले. कुणासाठी ते मला कळेना. तिच्यासाठी, गुलाबरावासाठी, की यांच्या त्या फळ्यासाठी, ज्यावर सगळं बरोबर लिहिलं होतं आणि ज्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

गुलाबराव निवडून आला. वस्तीच्या पेट्यांनीच आणला. अनुपमा थोडक्यात पडली, शिलाई मशीनचं तर नावच घ्यायला नको. वस्तीतून गुलाल उधळत मिरवणूक गेली. तो अंबूबाईच्या दारात थांबला, पण ती बाहेर आली नाही. दार लोटून आत वांगी निवडत बसली होती, असं जनकाबाई म्हणाली.

यांनी फळा उतरवून माळ्यावर टाकला. मला वाटलं होतं, बरं वाटेल, पण वाटलं नाही. सकाळची मेथी मात्र येत राहिली. अंबूबाई जुड्या ठेवायची, मी पैसे द्यायची, आणि आमचं बोलणं हवेवर आणि गुडघ्यांवर चालायचं. एकदा न राहवून मी म्हटलं, “काय मिळालं तुला?” तर म्हणाली, “अजून काई नाई गेलं, मास्तरीनबाई.”

शेतात गहू सोंगायला आले तेव्हा मशीन आलं. इमारत अजून कागदावरच होती, पण बगीच्याला जायला आधी रस्ता पाहिजे होता, आणि रस्ता नाल्याच्या काठानं, म्हणजे बरोबर अंबूबाईच्या पट्टीतून. मी फाटकात उभी राहून पाहत होते. पिवळं धूड नाल्याच्या पुलावरून पलीकडे गेलं आणि मेथीच्या वाफ्याजवळ थांबलं. थांबलं, कारण पुढं अंबूबाई बसली होती. तिच्या बाजूला इंद्रभान, मग जनकाबाई, मग कारभारी, मग एकेक करून सगळी वस्ती येऊन बसली. कुणी घोषणा दिल्या नाहीत. बसले नुसते.

तासाभरानं गुलाबराव गाडीतून उतरला. नाला अरुंद, सगळं ऐकू येत होतं.

“जो पयले उठन त्याले खालच्या मजल्यावरची खोली देतो,” तो म्हणाला. “मी शब्द देतो.”

कारभारीला पायाचा त्रास आहे, जिना चढवत नाही. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पाय लांब केले, दाबले आणि तसाच बसून राहिला.

गुलाबराव अंबूबाईपुढं वाकला. “मावशी, असं काऊन करता? तुमीच तं निवडून देलं मले.”

“हाव, देलं,” अंबूबाई म्हणाली. “तुया नावाचं मीठ होतं, ते फिटलं. आता तुयं-आमचं काई बाकी नाई. आता हे मीठ दुसरं हाय, कोनीच न उठाचं.”

तो उभा राहिला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. एवढ्या सगळ्यांत त्याला मत देणारा एकही हात आता त्याच्या बाजूला नव्हता, आणि ते त्यांनी त्याला न फसवता केलं होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळत खाली उतरला. आज जाईल मशीन परत. उद्या येईल, परवा येईल. येतच राहील, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.

माझ्या शेजारून हे कधी निघाले ते मला कळलं नाही. पाहिलं तर पूल ओलांडून पलीकडे गेले होते आणि इंद्रभानांशेजारी मांडी घालत होते, एक हात जमिनीला टेकवून, सावकाश.

“मास्तरीनबाई,” अंबूबाईनं तिथूनच हाक मारली, “नुसत्या पाहून काय राह्यल्या? या की. अन् येताना चटई आना, खडे लय टोचते.”

तिचं मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. घर वाचवायचं सोडून शब्द वाचवणारी बाई मला जन्मात कळायची नाही. पण मी आत गेले, चटई शोधली, गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि निघाले. पुलावर गुडघा लचकला, तेव्हा सगळ्या पक्षांना मिळून एक शिवी दिली. पलीकडे पोचले तर ती सरकली, मेथीच्या वाफ्याच्या अगदी कडेला गेली आणि मला बसायला जागा करून दिली.